पाहुण्यांसाठी वायफायचा क्यूआर कोड: कोणतं नेटवर्क द्यायचं, कोड कसा करायचा आणि अडतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी येणारा प्रत्येक जण वायफायचा पासवर्ड विचारतो. पासवर्ड लांबलचक आहे, सांगताना दरवेळी एखादं अक्षर चुकतं, म्हणून क्यूआर कोड छापून बैठकीच्या खोलीत लावायचा विचार आहे. तो सुरक्षित असतो का? कुठून तयार करायचा? एकदा दिलेला प्रवेश नंतर काढून घेता येतो का? आणि करून पाहिलेला कोड काही फोनवर चालतो, काहींवर मात्र 'जोडता आलं नाही' असं येतं, ते कशामुळे?

घरांमध्ये आणि छोट्या कचेऱ्यांमध्ये नेटवर्क बसवणं हे माझं रोजचं काम आहे आणि हे चारही प्रश्न सतत कानावर पडतात. त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण कोडात नेमकं काय असतं हे कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

तर आधी तेच बघू. हा कोड कुठल्याही साध्या स्कॅनर अॅपमध्ये, म्हणजे वायफायला जोडण्याऐवजी फक्त मजकूर दाखवणाऱ्या अॅपमध्ये, उघडा. एक ओळ दिसेल. मूळ ओळ रोमन लिपीत असते, पण तिची मांडणी अशी:

वायफाय:टी:डब्ल्यूपीए;एस:नेटवर्कचं नाव;पी:पासवर्ड;;

बस्स, एवढंच. 'टी'पुढे सुरक्षेचा प्रकार, 'एस'पुढे नाव, 'पी'पुढे पासवर्ड, आणि नेटवर्क लपवलेलं असेल तर 'एच'पुढे 'हो'. ही मांडणी झेड-क्रॉसिंग नावाच्या मुक्त बारकोड लायब्ररीमुळे रूढ झाली आणि पुढे फोन बनवणाऱ्यांनी तीच उचलली. यात पासवर्ड कुठल्याही प्रकारे लपवलेला किंवा कूटबद्ध केलेला नसतो. काळे-पांढरे चौकोन डोळ्यांना वाचता येत नाहीत म्हणून तो झाकल्यासारखा वाटतो, पण कॅमेऱ्याला तो छापील अक्षरांइतकाच स्पष्ट असतो. भिंतीवरचा कोड म्हणजे भिंतीवर लिहिलेला पासवर्ड, असं धरूनच पुढचा प्रत्येक निर्णय घ्यायचा.

म्हणून 'कोड सुरक्षित आहे का' यापेक्षा 'कोडात कोणत्या नेटवर्कचा पासवर्ड आहे' हा प्रश्न महत्त्वाचा. माझं मत ठाम आहे: घरच्या मुख्य नेटवर्कचा कोड कधीही छापू नका. छापायचा तो फक्त गेस्ट नेटवर्कचा, म्हणजे त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी केलेल्या वेगळ्या नेटवर्कचा.

यामागचं कारण केवळ सावधगिरी नाही, त्यात सोयही आहे. मुख्य नेटवर्कवर तुमचा प्रिंटर असतो, टीव्ही असतो, कॅमेरे, स्मार्ट दिवे, कदाचित घरच्या फाइली साठवणारी डिस्क. मुख्य पासवर्ड बदलायची वेळ आली तर यातल्या प्रत्येक वस्तूला नवा पासवर्ड शिकवत बसावं लागतं, आणि ज्या दिव्याला ना पडदा ना बटण त्याला तो शिकवणं म्हणजे अर्धा दिवस गेला. त्यामुळे लोक मुख्य पासवर्ड बदलतच नाहीत. वर्षानुवर्षं तोच, आणि तेवढ्या काळात तो किती फोनांत जाऊन बसला याचा हिशेब कुणाकडेच नाही. गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड मात्र दोन मिनिटांत बदलता येतो. त्यावर तुमची एकही वस्तू नसेल तर काहीच बंद पडत नाही, नवा कोड छापला की काम झालं.

प्रवेश काढून घेण्याबद्दलही इथेच सांगतो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. एकदा स्कॅन केलेला पासवर्ड पाहुण्याच्या फोनमध्ये साठतो. तो फोन अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा असेल तर पाहुणा स्वतः सेटिंगमधून त्याच नेटवर्कचा कोड दुसऱ्याला दाखवू शकतो. फोनचा बॅकअप चालू असेल तर पासवर्ड त्याच्या खात्यात जातो आणि त्याच खात्यावरच्या टॅबलेटवर, लॅपटॉपवरही पोहोचू शकतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, यंत्रणाच तशी आहे. एकट्या माणसाकडून पासवर्ड परत घेण्याचा मार्ग घरगुती राउटरवर सहसा नसतो. पासवर्ड बदलायचा, म्हणजे तो सगळ्यांचाच जातो.

'मग त्या फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर फोन ओळखला जातो तो क्रमांक, राउटरवर ब्लॉक करू' असं बरेच जण सुचवतात. एकेकाळी ते चालायचं. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा पत्ता न सांगता एक बनावट पत्ता सांगतात. त्या नेटवर्कच्या सेटिंगमधला एक पर्याय बदलला की पत्ता बदलतो आणि ब्लॉक निरुपयोगी ठरतो. मुलांचा वापर मर्यादित ठेवायला पत्त्यावरची बंदी लावणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. मुलांना ते केव्हाच कळलेलं असतं.

आता गेस्ट नेटवर्क. बहुतेक राउटरांत हे एका बटणावर सुरू होतं, म्हणून लोक सुरू करतात आणि मोकळे होतात. पण ते खरोखर वेगळं आहे का, हे तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका. गेस्ट नेटवर्कवरून फक्त इंटरनेट मिळावं, घरातली इतर यंत्रं दिसू नयेत, ही त्याची कल्पना. राउटरच्या पानावर 'पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्या' अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो बंद हवा. 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'एपी आयसोलेशन' नावाचा दुसरा पर्याय असेल तर तो चालू हवा, म्हणजे एका पाहुण्याच्या फोनला दुसऱ्या पाहुण्याचा फोन दिसत नाही.

दोन ठिकाणी ही भिंत नकळत कोसळते. पहिलं, घरातला दुसरा राउटर जेव्हा राउटर म्हणून न चालता नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचंच नेटवर्क पुढे पोहोचवण्यासाठी, चालवलेला असतो. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून जुना राउटर असा लावला जातो. त्याच्या पडद्यावर गेस्ट नेटवर्क दिसतं, त्याला वेगळं नावही देता येतं, पण बऱ्याच यंत्रांत या पद्धतीत वेगळेपणा टिकत नाही आणि पाहुणे थेट मुख्य नेटवर्कमध्ये उतरतात. दुसरं, इंटरनेट कंपनीने दिलेला एक राउटर आणि त्याच्यामागे तुम्ही विकत घेतलेला दुसरा, अशी जोडी. गेस्ट नेटवर्क तुम्ही दुसऱ्यावर सुरू केलं. दुसऱ्या राउटरवरची तुमची यंत्रं पाहुण्यांना दिसत नाहीत, हे खरं. पण पहिल्या राउटरला थेट जोडलेला प्रिंटर किंवा कॅमेरा? दुसऱ्या राउटरच्या दृष्टीने तिकडचं सगळं 'बाहेरचं', म्हणजे इंटरनेटच. त्यामुळे तिकडे जायला तो पाहुण्यांना अडवत नाही. अशा जोडीत एक तर गेस्ट नेटवर्क पहिल्या राउटरवर करा, नाहीतर घरातली सगळी यंत्रं दुसऱ्याच्या मागे आणा.

तपासायला फार काही लागत नाही. आपला फोन गेस्ट नेटवर्कला जोडा, मोबाइल डेटा बंद करा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या तळाशी छापलेला असतो. लॉगिनचं पान उघडलं तर ती उणीव आहे. बंद करता येत नसेल तर निदान राउटरचा प्रशासक पासवर्ड कारखान्यातून आलेला नाही ना, ते बघा. मग प्रिंटर शोधा, टीव्हीवर चित्र पाठवून बघा, डिस्कचा पत्ता उघडून बघा. काहीच सापडलं नाही तर गेस्ट नेटवर्क नीट आहे.

याची एक किंमत आहे, ती आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल काहीतरी बिघडलं. पाहुण्याला फोनमधले फोटो तुमच्या टीव्हीवर दाखवायचे असतील तर गेस्ट नेटवर्कवरून ते होणार नाही. टीव्हीच गेस्ट नेटवर्कवर टाकला तर आयसोलेशनमुळे तरीही होणार नाही, आणि आयसोलेशन काढलं तर सगळ्या पाहुण्यांचे फोन एकमेकांना दिसतील. बऱ्याच घरांत मी एक केबल टीव्हीजवळ ठेवायला सांगतो. दिसायला जुनाट वाटतं, पण वाद मिटतो.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं आणि ते नक्कीच चांगलं आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याच्याकडे पासवर्ड आहे आणि ज्याने दुसऱ्या फोनची जोडणी होतानाची देवाणघेवाण पकडली आहे, त्याला त्या फोनच्या वायफायवरच्या लहरी उलगडता येतात. आजकाल बहुतेक संकेतस्थळं आणि अॅपं स्वतःची वेगळी कूटबद्धता वापरतात, त्यामुळे हाती फारसं लागत नाही. पण मुख्य आणि गेस्ट नेटवर्कचे पासवर्ड वेगळे असायला हवेत याचं हेही एक कारण. डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बंद आहे. तरीही गेस्ट नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवू नका, कारण येणाऱ्यांचे फोन आपल्या हातात नसतात आणि जुना फोन आला की तो जोडलाच जाणार नाही. पासवर्डच नको, नेटवर्क मोकळंच ठेवू, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की मोकळ्या नेटवर्कची हद्द घराच्या भिंतीपाशी संपत नाही.

राउटरवर डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडण्याच्या सोयीचं, बटण किंवा पिन चालू असेल तर बंद करा. पिनची पद्धत फोडता येते हे २०११ पासून जगजाहीर आहे. क्यूआर कोड आल्यावर तिची गरजही उरलेली नाही.

कोड कुठून करायचा? आपल्या फोनमधूनच. अँड्रॉइड १० पासून सेटिंगमध्ये इंटरनेट किंवा वायफायच्या पानावर जा, जोडलेल्या नेटवर्कसमोरचं चाकाचं चिन्ह दाबा आणि 'शेअर' निवडा. फोन आधी तुमचा स्क्रीन लॉक मागतो, मग कोड दाखवतो आणि बऱ्याच फोनांत कोडाखाली पासवर्ड सरळ अक्षरांतही दिसतो. काही कंपन्यांनी 'शेअर'ऐवजी तिथे 'क्यूआर कोड' असंच लिहिलेलं असतं, तर काहींच्या फोनमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं की कोड उघडतो. आयफोनवर आयओएस १८ (२०२४) पासून 'पासवर्ड्स' अॅपमध्ये वायफायचा विभाग आहे. तिथे नेटवर्क उघडलं की कोड दाखवण्याचा पर्याय मिळतो. आयफोनचा साधा कॅमेरा वायफायचे कोड आयओएस ११ (२०१७) पासून वाचतो, त्यामुळे वाचायला वेगळं अॅप लागत नाही. दोघांकडेही आयफोन असेल आणि दोघे एकमेकांच्या संपर्क यादीत असतील तर कोडाचीही गरज नाही. पाहुण्याने नेटवर्क निवडलं की जवळच्या आयफोनवर 'पासवर्ड द्यायचा का' असा प्रश्न येतो, मात्र दोन्हीकडे ब्लूटूथ चालू हवं.

क्वचित येणाऱ्या पाहुण्यांसाठी खरं तर एवढंच पुरेसं आहे. भिंतीवर काही न लावता फोनच्या पडद्यावरचा कोड समोर धरायचा. ज्यांच्याकडे रोज चार माणसं येतात त्यांनी छापावा.

छापण्यासाठी कोड करून देणारी संकेतस्थळं ढिगाने आहेत आणि तुमचा चालत नसलेला कोड तिथूनच आला असावा असा माझा अंदाज आहे. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी. एक तर तुम्ही पासवर्ड एका अनोळखी पानावर टाइप करताय. प्रामाणिक संकेतस्थळं कोड तुमच्या ब्राउझरमध्येच बनवतात, पण ते बाहेरून ओळखणं अवघड. दुसरं, काही ठिकाणी तुम्हाला 'डायनॅमिक' कोड दिला जातो. त्या कोडात वायफायची ओळ नसतेच, त्यांच्या संकेतस्थळाचा दुवा असतो. आता विचार करा: पाहुण्याला इंटरनेट हवं म्हणून तो कोड स्कॅन करतोय, आणि कोड उघडायलाच इंटरनेट लागतंय. वर त्यांची फुकट मुदत संपली की कोड बंद. वायफायच्या खऱ्या कोडाला मुदत नसते, तो कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नसतो. पासवर्ड बदलेपर्यंत तो चालतच राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: स्कॅन केल्यावर फोनने 'या नेटवर्कला जोडायचं का' असं विचारलं पाहिजे. संकेतस्थळाचा पत्ता दिसला तर तो कोड टाकून द्या. बाहेर कुठे कोड स्कॅन करतानाही हीच खूण बघा, कारण मूळ कोडावर दुसराच स्टिकर चिकटवणं फार सोपं असतं.

संगणकावर काम करणाऱ्यांना सांगतो, लिनक्सवर क्यूआरएनकोड नावाची छोटी आज्ञा आहे. इंटरनेटशिवाय चालते, वर दिलेली ओळ तिला दिली की चित्र तयार होतं. मी तीच वापरतो.

आता काही फोनवर का चालत नाही ते. याचं सगळ्यात नेहमीचं कारण पासवर्डमधलं एखादं चिन्ह असतं. वरच्या ओळीत अर्धविराम, म्हणजे ; हे चिन्ह, दोन भागांमधली सीमा दाखवतं. समजा तुमचा पासवर्ड रोमन अक्षरांत 'समुद्र;किनारा' असा आहे. कोड करणाऱ्याने तो तसाच ओळीत घातला, तर फोन अर्धविरामापाशी थांबतो आणि पासवर्ड 'समुद्र' एवढाच आहे असं समजतो. रोमनमध्ये ती ७ अक्षरं होतात. डब्ल्यूपीएचा पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, म्हणून फोन राउटरकडे न जाताच नकार देतो. नियम असा की ; : , " आणि \ यांपैकी कुठलंही चिन्ह नावात किंवा पासवर्डमध्ये आलं तर त्याच्याआधी एक \ घालायचं, म्हणजे 'समुद्र\;किनारा'. फोनने स्वतः बनवलेल्या कोडात हे आपोआप होतं. संकेतस्थळांपैकी काही करतात, काही करत नाहीत. वाचणाऱ्या अॅपांतही फरक असतो, म्हणून एकच कोड एका फोनवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही. माझा उपाय सरळ आहे: गेस्ट पासवर्डमध्ये ही चिन्हं ठेवूच नका. बळकटी चिन्हांपेक्षा लांबीने जास्त येते, आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द छान चालतात.

दुसरं कारण नावात लपलेलं असतं. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा, मोठ्या-लहान अक्षरांतला फरक, आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या बाबतीत वळणदार अवतरणचिन्ह. काही फोन हॉटस्पॉटला मालकाच्या नावावरून नाव देतात, त्यात इंग्रजी षष्ठीचं छोटं चिन्ह येतं, ते वळणदार असतं. तुम्ही कीबोर्डवरून सरळ चिन्ह टाइप करता. डोळ्यांना दोन्ही सारखीच, फोनला मात्र ती दोन वेगळी नेटवर्कं.

नाव देवनागरीत ठेवता येतं का, हेही नेहमी विचारतात. येतं, पण मर्यादा ३२ अक्षरांची नसून ३२ बाइटची असते (बाइट हे साठवणीचं माप, रोमन अक्षराला १ लागतो), आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्रपणे ३-३ बाइट खातात. 'पाहुण्यांसाठी' हे नाव बसत नाही, त्याचे ३९ बाइट होतात. 'आमचे पाहुणे' ३१ मध्ये बसतं, अगदी काठावर. गेस्ट नेटवर्कवर बहुतेक फोनच येतात म्हणून देवनागरी नाव तिथे खपून जातं. मुख्य नेटवर्कला मात्र रोमन नावच द्या, जुने टीव्ही आणि प्रिंटर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. पासवर्ड रोमनमध्येच हवा, त्याला पर्याय नाही.

तिसरं कारण अलीकडचं. नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर अँड्रॉइड फोन कोडात 'डब्ल्यूपीए'च्या जागी 'एसएई' असं लिहितो आणि काही जुने स्कॅनर ते ओळखत नाहीत. मिश्र प्रकार ठेवला की हा त्रास टळतो. आणि नेटवर्क लपवलं असेल, तर कोडात तसं नोंदवलेलं नसल्यास फोनला ते सापडतच नाही. लपवूच नका, असा माझा सल्ला आहे. लपवलेल्या नेटवर्कचं नाव त्याला जोडलेले फोन जातील तिथे पुकारत फिरतात, म्हणजे झाकायला गेलो आणि दवंडी पिटली.

कचेरीतलं नेटवर्क, जिथे प्रत्येकाला वेगळं वापरकर्ता-नाव असतं, ते या साध्या कोडाने देता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करणं हाच मार्ग.

छपाईबद्दल थोडं बारकाईने, कारण इथे हिशेब मजेदार आहे. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यात कोड मळणार, फाटणार, हे गृहीत धरूनच त्यात दुरुस्तीची सोय ठेवली आहे. तिच्या चार पातळ्या आहेत: एल, एम, क्यू आणि एच, त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सहन करतात. वायफायच्या ओळीची नुसती चौकट, म्हणजे नाव आणि पासवर्ड सोडून उरलेली अक्षरं-चिन्हं, १८ बाइटची. नाव १० अक्षरांचं आणि पासवर्ड १६ अक्षरांचा धरला, दोन्ही रोमनमध्ये, तर एकूण ४४. एवढा मजकूर ३३ गुणिले ३३ चौकोनांच्या कोडात एम पातळीवर बसतो, कारण तिथे ६२ बाइटची जागा आहे. पण क्यू पातळीवरही त्याच आकारात ४६ बाइट मावतात! म्हणजे जास्तीची मजबुती फुकट मिळते, कोड तेवढाच राहतो. एच पातळी मागितली की कोड ३७ गुणिले ३७ होतो. म्हणून पातळी निवडायची सोय असेल तर क्यू निवडा.

कडेने चारही बाजूंना ४ चौकोनांइतकी कोरी जागा लागते. ती कापून, चौकटीला चिकटवून कोड लावतात आणि मग फोन वाचत नाही म्हणून तक्रार करतात. ३३ अधिक ८ म्हणजे ४१ चौकोन. कोऱ्या कडेसह ४१ मिलिमीटरचा कोड छापला तर प्रत्येक चौकोन बरोबर १ मिलिमीटरचा होतो आणि हातभर अंतरावरून कुठलाही फोन तो सहज वाचतो. ढोबळ नियम असा की कोडाच्या रुंदीच्या दहापट अंतरापर्यंत वाचन नीट होतं. पांढऱ्यावर काळा छापा. काळ्यावर पांढरा सुंदर दिसतो, पण काही स्कॅनर तो नाकारतात. लॅमिनेशन करायचं तर मॅट करा, चकचकीत प्लास्टिकवर दिव्याची झळाळी नेमकी कोडावर पडते. मधोमध चित्र किंवा मोनोग्राम घालण्याची हौस असते, पण तो डाग दुरुस्तीच्या राखीव कोट्यातूनच भागवला जातो. तो कोटा ओरखड्यांसाठी राहू द्या.

मोठा, फ्रेममध्ये लावलेला कोड मला आवडत नाही आणि त्याचं कारण हाच दहापटीचा नियम आहे. २० सेंटिमीटरचा कोड दोन मीटरवरून वाचला जातो. त्याच्यासमोर उभं राहून कुणी फोटो काढला आणि तो कुठे टाकला, किंवा तुम्ही त्या भिंतीकडे पाठ करून व्हिडिओ कॉलवर बसलात, की पासवर्ड गेला. दिवसभर मीटिंगमध्ये असणाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर मी असे कोड पाहिले आहेत. खिडकीतून दिसणारी भिंतही नको. ४ सेंटिमीटरचं कार्ड करा, ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा पाहुण्यांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवा. हवं तेव्हा काढून देता येतं.

त्या कार्डावर कोडाखाली नाव आणि पासवर्ड अक्षरांतही छापा. बरेच जण याला बिचकतात, पण कोडात तेच तर आहे, लिहिल्याने नवं काही उघड होत नाही. ज्या लॅपटॉपला किंवा खेळाच्या यंत्राला कॅमेऱ्याने कोड वाचता येत नाही, त्यासाठी ते लागतंच. फक्त पासवर्डमध्ये शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' अशा जुळ्या भावंडांना जागा देऊ नका.

पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा याला ठरावीक उत्तर नाही. घरात काम करणारे कारागीर काही आठवडे येऊन गेले, भाडेकरू बदलला, मोठा समारंभ झाला, की बदला. एरवी राउटरमध्ये वेळापत्रकाची सोय असेल तर गेस्ट नेटवर्क रात्री बंद राहील असं करा. पाहुणे नसताना ते चालू ठेवायचं कारण नाही. काही नव्या राउटरांत एकाच नावाखाली प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देण्याची सोय असते. छोट्या दवाखान्याला किंवा कचेरीला ती घेण्यासारखी आहे, कारण एकाचा पासवर्ड रद्द केला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

आणि नवा कोड छापल्यावर तपासताना एक करा. आधी आपल्या फोनमधून ते गेस्ट नेटवर्क 'विसरा' म्हणून काढून टाका, मग स्कॅन करा. तसं न केल्यास फोन साठवलेल्या माहितीवरच जोडला जाऊ शकतो, सगळं ठीक वाटतं आणि छापलेला कोड चुकीचा आहे हे पहिला पाहुणा येईपर्यंत कळत नाही. एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर असं करून पाहिलं, की मगच बाकीची कार्डं छापायला द्या.